ट्रेकिओस्टॉमी घरी सांभाळताना: फुगा, बेडका आणि क्वचित येणारी संकटं

ट्रेकिओस्टॉमी म्हणजे गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनळीत श्वासासाठी नळी बसवणं. आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. नळीच्या खालच्या टोकाशी हवेने फुगणारा जो भाग असतो त्याला डॉक्टर-सिस्टर 'कफ' म्हणतात, आणि छातीत साठतो तोही आपल्या भाषेत कफच. फोनवर कुणी 'कफ काढून टाका' म्हणालं, की एकाला सक्शन, म्हणजे छातीतलं मशीनने ओढून काढणं, ऐकू येतं आणि दुसऱ्याला फुगा रिकामा करणं. फुगा चुकीच्या वेळी रिकामा झाला तर तोंडातली लाळ थेट फुप्फुसात उतरते आणि व्हेंटिलेटरची हवा तोंडावाटे निघून जाते. म्हणून घरात पहिल्या दिवशीच ठरवून टाका: नळीचा तो फुगा, छातीतला तो बेडका. इथेही तेच शब्द वापरले आहेत.

हे सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. डोक्याला मार, पक्षाघात, मणक्याची दुखापत, गीयाँ-बारे (नसांचा आजार) किंवा स्नायूंचा आजार यांमुळे गळ्यात नळी बसली आणि आता आयसीयूतून घरी पाठवत आहेत, असा रुग्ण समोर धरून लिहिलं आहे. लहान मुलांच्या नळ्यांची मापं आणि सक्शनचे दाब वेगळे असतात. तिथे हे आकडे वापरू नका.

आणि एक प्रश्न घरी निघण्याआधी डॉक्टरांना विचारलाच पाहिजे: 'स्वरयंत्र जागेवर आहे की काढलंय?' घशाच्या कॅन्सरमध्ये पूर्ण स्वरयंत्र काढलं असेल, तर तोंड-नाकाचा आणि फुप्फुसाचा संबंध कायमचा तुटलेला असतो. अशा माणसाला तोंडावर मास्क लावून कितीही ऑक्सिजन दिला तरी एक थेंब आत जात नाही. गळ्याचं भोक हा त्याचा एकमेव श्वासमार्ग. ब्रिटनमध्ये यासाठी पलंगाच्या उशाशी दोन रंगांच्या पाट्या लावतात, साध्या ट्रेकिओस्टॉमीला हिरवी आणि स्वरयंत्र काढलेल्याला लाल. आपण साध्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला चिकटवलं तरी काम होतं. त्यावर नळीचं माप, बसवल्याची तारीख आणि शेवटी बदलल्याची तारीखही लिहा. रात्री अडीचला आलेल्या अँब्युलन्सच्या डॉक्टरला फाइल चाळायला वेळ नसतो.

नळी ओळखून घ्या

गळ्यावर टेकणाऱ्या चपट्या पट्टीवर माप छापलेलं असतं. आतला व्यास आणि बाहेरचा व्यास, दोन्ही. मोठ्यांना सहसा आतून ७ ते ८ मिमीची नळी असते. काही नळ्यांना आत दुसरी, काढून धुता येणारी नळी असते. साध्या पीव्हीसी नळ्यांमध्ये ती बहुधा नसते. तुम्हाला निवड विचारली, तर घरी नेण्यासाठी आतली नळी असलेलीच मागा. बेडका सुकून नळी तुंबली तर आतली काढली की रस्ता मोकळा. एकेरी नळी तुंबली तर अख्खी बाहेर काढण्यावाचून इलाज उरत नाही.

कान-नाक-घसा विभागात जर्मन सिल्व्हरच्या धातूच्या नळ्याही देतात, जॅक्सन किंवा फुलर नावाच्या. स्वस्त, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, उकळता येणाऱ्या. पण त्यांना फुगा नसतो, आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडायला लागणारं १५ मिमीचं तोंडही बहुतेकींना नसतं. म्हणजे श्वास अडला तर नळीतून हवा ढकलता येत नाही. ज्याला कधीही व्हेंटिलेटर लागू शकतो त्याच्यासाठी ती नळी नव्हे. एमआरआय किंवा मानेवरचं रेडिएशन असेल तेव्हाही धातूची नळी आहे हे आधी सांगायचं.

नळी बसवताना तिच्यात घालायची एक सळई मिळते, गोल टोकाची. तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. ही सळई डबीत घालून पलंगाला बांधून ठेवा. कपाटात ठेवलेली सळई ऐनवेळी सापडत नाही.

नाकाचं काम कोण करणार?

नाक हवा गाळतं, कोमट करतं आणि दमट करतं. फुप्फुसाच्या तोंडाशी पोचेपर्यंत प्रत्येक लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाण्याची वाफ मिसळलेली असते. नळी बसली की नाक बाजूला राहतं आणि कोरडी हवा थेट आत जाते. मग बेडका घट्ट होतो, नळीच्या भिंतीला खपलीसारखा चिकटतो, आणि एके दिवशी ती खपली सुटून आडवी बसते. घरी नेलेल्या रुग्णांच्या बाबतीत सगळ्यात जास्त भ्यावं ते याच गोष्टीला. पुढे येणारी दुर्मिळ संकटं दुर्मिळच आहेत, तुंबलेली नळी मात्र कुठल्याही घरात होऊ शकते.

यावर तीन उपाय, तिन्ही स्वस्त. नळीच्या तोंडावर बसणारा दमटपणा धरणारा फिल्टर, ज्याला दुकानात 'आर्टिफिशियल नोज' म्हणून मागतात, तो रोज बदलायचा आणि बेडक्याने भरला तर लगेच. फिल्टर नसेल तर सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजचा दुहेरी पडदा गळ्यासमोर सैल सोडायचा. गॉज कात्रीने कापायचं नाही, कापलेल्या कडेचे धागे श्वासाबरोबर आत ओढले जातात. तिसरं म्हणजे सलाईनचा नेब्युलायझर, ३ ते ५ मिली, दिवसातून तीन-चार वेळा, डॉक्टर सांगतील तसा. कोकणात पावसाळ्यात एवढ्यावर भागतं. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात, किंवा कुठेही रात्रभर एसी चालू असेल तिथे, बेडका पाहून नेब्युलायझर वाढवावा लागतो. बेडका कॅथेटरमधून, म्हणजे सक्शनच्या बारीक नळीतून, सरसर यायला हवा. तार धरत असेल, गोळे येत असतील, तर दमटपणा कमी पडतोय किंवा रुग्णाच्या पोटात पाणी कमी जातंय.

आतली नळी असेल तर दिवसातून किमान तीन वेळा काढून पाहा. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली मऊ ब्रशने धुवायची, उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघायचं, झटकून कोरडी करून घालायची. प्लास्टिकची नळी उकळू नका, वाकडी होते. पाण्यात भिजत ठेवूनही देऊ नका, जंतू वाढतात.

सक्शन

कॅथेटरचं माप काढायचं साधं गणित: नळीच्या आतल्या व्यासातून २ वजा करा, उरलेल्याची दुप्पट करा. ८ ची नळी असेल तर १२ नंबर, ७ ची असेल तर १० नंबर. त्याहून जाड कॅथेटर घातलं तर ते नळीतली सगळी जागा अडवतं आणि सक्शनबरोबर फुप्फुसातली हवाच ओढून घेतं. रुग्ण निळा पडतो आणि घरच्यांना वाटतं की बेडका फार आहे, म्हणून ते आणखी ओढतात.

मशीनचा दाब मोठ्यांसाठी ८० ते १२० मिमी पारा. घरगुती मशीनच्या काट्यावर बऱ्याचदा मेगापास्कलचे आकडे असतात. तिथे १२० म्हणजे ०.०१६. हा आकडा तबकडीच्या अगदी सुरुवातीलाच येतो, त्यामुळे काटा 'फारच कमी' वाटतो आणि माणसं तो मध्यावर नेतात. मध्यावर गेला की आतलं अस्तर सोललं जातं. दाब लावताना पाइपचं तोंड अंगठ्याने बंद धरा. उघड्या पाइपवर काटा खरं सांगत नाही.

किती आत घालायचं हे आधीच मोजून ठेवायचं. घरातली राखीव नळी घ्या, तिच्यात कॅथेटर घाला, टोक नळीबाहेर अर्धा ते एक सेंमी आलं की तिथे कॅथेटरवर खूण करा. तेवढंच आत जायचं. 'अडेपर्यंत घाला' ही जुनी पद्धत. अडतं तिथे श्वासनळीची दुभंगलेली कड असते, आणि रोज दहा वेळा तिथे टोचलं की तिथून रक्त येतं.

हात साबणाने धुवा, हातमोजे घाला. ऑक्सिजनवर असेल तर आधी अर्धा-एक मिनिट वाढवून द्या. सक्शन बंद ठेवून आत जा, चालू करून बाहेर या. आत-बाहेर मिळून १० सेकंदांत आटपायचं. स्वतःचा श्वास रोखून धरा, तुम्हाला गुदमरायला लागलं की त्यालाही लागलंय. पुन्हा करायचं तर मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा, आणि एका बैठकीत तीनपेक्षा जास्त नाही. आधी नळी, मग तोंड. तोंडात गेलेलं कॅथेटर पुन्हा नळीत घालायचं नाही. दर वेळी नवं कॅथेटर हे उत्तम. ते परवडत नसेल तर नळीचं वेगळं, तोंडाचं वेगळं ठेवून, प्रत्येक वापरानंतर उकळून गार केलेलं पाणी ओढून धुवायचं आणि २४ तासांनी दोन्ही फेकायची.

नळीत सवयीने सलाईन ओतायची रीत बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यातलं बरंचसं परत येत नाही, खाली जातं. खरोखर घट्ट गोळा असेल तेव्हा २-३ मिली ठीक, रोजचा नियम म्हणून नको. घड्याळ लावून दर दोन तासांनी सक्शनही नको. घरघर ऐकू आली, ऑक्सिमीटर खाली आला, खोकून बेडका तोंडाशी आला की करायचं.

फुगा आणि वही

पुढची सगळी गुंतागुंत कळायला हा भाग नीट समजावा लागतो. श्वासनळी मोठ्या माणसात १०-१२ सेंमी लांब, पुढून कुर्चेच्या अर्ध्या कड्या, मागून मऊ पडदा, आणि त्या पडद्याला लागूनच अन्ननलिका. फुगा या भिंतीला आतून दाबून बसतो. दाब २० ते ३० सेंमी पाणी इतका असावा. २० च्या खाली लाळ फुग्याच्या कडेने खाली झिरपते. ३० च्या वर अस्तराचा रक्तपुरवठा घटू लागतो, ५० च्या आसपास तो जवळजवळ थांबतो. रक्त न मिळालेलं अस्तर मरतं, खाली कुर्चा उघडी पडते. मग ती भिंत एक तर झिजून आरपार जाते, नाही तर बरी होताना आवळून अरुंद होते, नाही तर पोचट होऊन श्वासाबरोबर आत बसते. तीन वेगवेगळी नावं असलेली तीन संकटं, मूळ एकच.

म्हणून 'फुग्यात १० मिली हवा भरा' असा आकडा कुणी दिला तर तो पाळू नका. एकाच नळीत एका माणसाला ५ मिली पुरते, दुसऱ्याला ८ लागते. बाहेर लोंबणारा छोटा फुगा चिमटीत दाबून अंदाज घेणंही फसवं, अनुभवी हातसुद्धा चुकतात. दाब मोजायचं छोटं घड्याळ मिळतं. व्हेंटिलेटरचा रुग्ण घरी असेल तर ते घ्याच. दिवसातून दोन-तीनदा मोजा. घड्याळ मिमी पाऱ्यात असेल तर आकडा १.३६ ने गुणा. काही सिलिकॉन नळ्यांच्या फुग्यात हवेऐवजी निर्जंतुक पाणी भरतात. तुमची तशी असेल तर डिस्चार्जच्या कागदावर ते लिहून घ्या.

आता वही. शाळेची शंभरपानी चालेल. रोज सकाळी पाच गोष्टी: फुग्याचा दाब, तो दाब यायला किती मिली हवा लागली, बेडक्याचा रंग आणि दाटपणा, किती वेळा सक्शन, रक्त दिसलं का. हवा मोजायची तर आधी तोंड आणि घसा सक्शन करून, फुगा पूर्ण रिकामा करून पुन्हा भरावा लागतो. तेवढं हवेचं मोजमाप आठवड्यातून एकदा पुरे, आणि ते कसं करायचं हे सिस्टरकडून डिस्चार्जआधी हाताने करून शिकून घ्या. हा हवेचा आकडा सगळ्यात बोलका. पहिल्या आठवड्यात ६ मिलीला २५ चा दाब येत होता, तिसऱ्या आठवड्यात ८, पाचव्यात ११ लागतेय, तर एक तर फुगा गळतोय, नाही तर फुग्याच्या जागी श्वासनळीच पसरत चालली आहे. फुगा गळत असेल तर भरल्यावर तासाभरात दाब पडतो. दाब टिकतोय पण हवा जास्त लागतेय, तर नळी बदलून भागायचं नाही, दुर्बिणीने आतून बघायला हवं. घरात बाकी कशावरून हे लवकर कळत नाही.

बोलायचा एकमार्गी व्हॉल्व्ह मिळाला असेल तर लाल शाईने भिंतीवर लिहा: व्हॉल्व्ह लावण्याआधी फुगा पूर्ण रिकामा. तो व्हॉल्व्ह श्वास आत घेऊ देतो, बाहेर सोडू देत नाही. बाहेरचा श्वास नळीच्या कडेने, तोंडावाटे जायचा असतो. फुगा भरलेला असेल तर हवा आत जात राहते, बाहेर येत नाही, आणि माणूस काही मिनिटांत जातो. झोपताना व्हॉल्व्ह काढून ठेवायचा.

श्वास अडला तर

रुग्ण कासावीस, छाती वर-खाली होते पण नळीतून हवा लागत नाही, ऑक्सिमीटर घसरतोय. हा क्रम तोंडपाठ हवा:

१. दुसऱ्याला हाक मारा, १०८ लावायला सांगा. ऑक्सिजन पूर्ण सोडा.
२. नळीच्या तोंडावरचं सगळं काढा: व्हॉल्व्ह, टोपण, फिल्टर.
३. आतली नळी बाहेर काढा. पुष्कळदा इथेच सुटका होते.
४. सक्शन कॅथेटर घालून बघा. सहज गेलं तर ओढा.
५. कॅथेटर जातच नसेल तर फुगा रिकामा करा, म्हणजे नळीच्या कडेने तरी हवा जाईल.
६. तरीही श्वास नाही तर नळी काढा. राखीव नळी, सळई घालून, खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकून, आधी सरळ आत आणि मग खाली वळवत घाला. सळई लगेच काढा. जात नसेल तर एक माप लहान घाला.
७. तीही जात नसेल तर गळ्याचं भोक गॉजने झाकून तोंड-नाकावर मास्क आणि अंबू बॅग. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाला मात्र मास्क गळ्याच्या भोकावरच.

सहावी पायरी नळी बसवून पहिले ७-१० दिवस झाल्यावरच सोपी असते. त्याआधी मार्ग पक्का झालेला नसतो आणि नळी श्वासनळीऐवजी तिच्या पुढच्या मांसात शिरू शकते. अशी नळी दिसायला जागेवर दिसते, पण हवा लागत नाही, कॅथेटर जात नाही. त्यातून अंबू बॅग दाबली तर हवा कातडीखाली पसरते. मान, छाती, गाल फुगतात आणि बोटाखाली खसखस दाबल्यासारखं चुरचुरतं. हात थांबवायचा, ती नळी काढायची, वरून मास्क. म्हणूनच पहिला नळीबदल इस्पितळातच होऊ द्या आणि त्याआधी डिस्चार्जची घाई करू नका.

रक्त

सक्शननंतर बेडक्यात गुलाबी धागा दिसला, तर बहुतेक वेळा कॅथेटर खोल गेलंय किंवा दाब जास्त आहे. दोन्ही दुरुस्त करा, हवा दमट करा, दोन दिवसांत थांबतो.

ताजं लालभडक रक्त वेगळं. नळीसमोरून, छातीच्या हाडामागे, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची एक मोठी शाखा श्वासनळीला आडवी ओलांडून जाते. नळी खूप खाली बसली असेल, तिचं टोक किंवा फुगा पुढच्या भिंतीवर घासत असेल, किंवा व्हेंटिलेटरची पाइप सतत नळी ओढत असेल, तर भिंत झिजून त्या रोहिणीला भोक पडू शकतं. शंभरातल्या एकापेक्षाही कमी रुग्णांत घडणारी गोष्ट, पण घडली तर काही मिनिटांचा खेळ. बहुतांश वेळा ती नळी बसवल्यापासून पहिल्या तीन-चार आठवड्यांत होते, आणि सुमारे निम्म्या रुग्णांत मोठ्या रक्तस्रावाआधी एक छोटा येऊन आपोआप थांबतो. तो थांबतो म्हणून घरचे निवांत होतात. शस्त्रक्रियेनंतर ४८ तास उलटल्यावर कधीही १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे, ताजं रक्त आलं, तर थांबलं असलं तरी त्याच तासाला मोठ्या इस्पितळात जायचं, जिथे छातीचे सर्जन आहेत आणि सीटी अँजिओग्राफी होते. जवळच्या नर्सिंग होममध्ये 'सूज असेल' म्हणून अँटिबायोटिक घेऊन परतायचं नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर नळी हलताना दिसत असेल, तर रक्त येण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.

धो धो रक्त आलंच, तर नळी काढू नका. तोच फुगा आता दाबपट्टी आहे. सिरिंजने ५-५ मिली करत त्यात हवा वाढवत जा, रक्त कमी होईपर्यंत. दाबाची मर्यादा मोडायची ही एकच वेळ. सक्शन चालू, ऑक्सिजन पूर्ण, १०८ ला 'ट्रेकिओस्टॉमीतून मोठा रक्तस्राव' हेच शब्द सांगा. ही शक्यता डिस्चार्जच्या वेळी मुद्दाम विचारून घ्या. तुमच्या नळीचा फुगा किती हवा सोसतो ते त्यांनाच ठाऊक.

टाळण्यासाठी रोज करायचं ते साधं: पाइपचं वजन नळीवर येऊ देऊ नका, पाइपला टेकू द्या, कुशीवर वळवताना आधी पाइप सुटी करा. फीत आणि मानेच्या मध्ये एक बोट जाईल इतकी सैल, त्याहून जास्त नाही. फीत बदलायला दोन माणसं, एकाने नळी धरूनच ठेवायची.

अन्न नळीतून येतंय

सक्शनमध्ये दूध, डाळीचं पाणी, पेज दिसली तर आधी शक्यता ही, की गिळताना ठसका लागून ते वरून उतरलंय. पण फुगा नीट भरलेला असूनही पुन्हा पुन्हा येत असेल, व्हेंटिलेटरच्या प्रत्येक श्वासाबरोबर पोट फुगत असेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, वहीत हवेचा आकडा चढत असेल, तर श्वासनळी आणि अन्ननलिकेमधल्या पडद्याला भोक पडल्याची शंका घ्यायची. पुढून जास्त दाबाचा फुगा आणि मागून नाकातून पोटात अन्न द्यायची जाड राइल्स ट्यूब, या दोहोंत तो मऊ पडदा चिमटला जातो. म्हणून महिनोन्‌महिने राइल्स ट्यूब ठेवण्यापेक्षा पोटातून नळी घालायचा विचार लवकर करावा. शंका आली की तोंडाने आणि राइल्स ट्यूबने देणं बंद, डोकं ४५ अंशांवर, आणि इस्पितळ. हळदीचं दूध देणाऱ्यांसाठी एक सूचना: पिवळा बेडका दिसला की जंतुसंसर्ग असा सरळ अर्थ लावू नका, आणि उलट हळदच असेल म्हणून सोडूनही देऊ नका. एक दिवस हळद बंद करून बघा.

लाईट गेली, अलार्म वाजला

व्हेंटिलेटरचा 'दाब जास्त' अलार्म म्हणजे वाट अडली: खोकला, बेडका, दुमडलेली पाइप, तुंबलेली नळी. 'दाब कमी' म्हणजे कुठेतरी सुटलं: पाइप निसटली, फुगा बसला. पाच-दहा सेकंदांत कारण दिसलं नाही तर मशीनशी भांडत बसू नका. पाइप काढा, अंबू बॅग जोडा, दर पाच सेकंदांना एकदा, छाती जेमतेम उचलेल इतकी दाबा. बॅगने श्वास सहज जातोय तर दोष मशीनमध्ये. बॅगही कडक लागतेय तर दोष नळीत किंवा छातीत; वरचा क्रम सुरू करा. नळी मोकळी असून एक बाजू उचलतच नसेल, तर फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शक्यता, तिथे घरी करण्यासारखं काही नाही, बॅग दाबत इस्पितळ गाठायचं. हाताने श्वास देण्यावर विश्वास ठेवा. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यात नळ्या बसवून वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळीपाळीने पिशव्या दाबायला बसवलं होतं, आठवडेच्या आठवडे.

५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) ३०० ते ४०० वॅट खातो. १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर तो साडेतीन-चार तास चालेल, जुनी असेल तर त्याहून कमी. म्हणून सिलिंडर हवाच. छोट्या बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो: मिनिटाला २ लिटर दिला तर साडेबारा तास, ५ लिटर दिला तर पाच. सक्शनसाठी पायाने चालणारा पंप एक घेऊन ठेवा.

पलंगाजवळच्या पिशवीत, जी दवाखान्यातही बरोबर जाते: त्याच मापाची एक नळी आणि एक माप लहान, सळई, १० मिलीची सिरिंज, फीत, कॅथेटर, सलाईन, पाण्यात मिसळणारी जेली, अंबू बॅग मास्कसकट, टॉर्च. व्हॅसलीन नको.

नळी निघाल्यावर

गळ्याचं भोक बुजलं की घरचे वही फेकून देतात. ती ठेवा. फुग्याच्या किंवा भोकाच्या जागी श्वासनळी आवळत जाण्याची गोष्ट नळी निघाल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी समोर येते. आतला व्यास निम्म्यावर येईपर्यंत माणसाला फारसं कळत नाही, मग जिना चढताना धाप, ५ मिमीच्या आसपास आला की बसल्याजागी धाप. पंप दिले जातात, दम्याची औषधं चालू होतात, फरक पडत नाही. ओळखायची खूण आवाजात आहे: दम्याची शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना आणि छातीत, ही घुरघुर श्वास घेताना आणि गळ्यात. अशा रुग्णाने छातीच्या डॉक्टरकडे जाऊन पहिलं वाक्य 'मला अमुक महिन्यात गळ्यात नळी होती' हे म्हणायचं. कॉलर किंवा ओढणीखाली व्रण लपला की डॉक्टरच्या ध्यानात येत नाही. फुंकण्याच्या तपासणीत आलेख वर-खाली सपाट दिसतो, मानेचा सीटी आणि दुर्बीण जागा दाखवते. पुढे फुग्याने ताणणं, आधाराची टी आकाराची सिलिकॉन नळी, किंवा अरुंद भाग कापून टोकं जोडणं, हे त्या लांबीवर ठरतं.

आणि पुढे कधी हर्निया-पित्ताशय कसलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना वही दाखवा. नेहमीच्या मापाची नळी तिथून उतरेलच असं नाही, त्यांना लहान मापाची तयार ठेवावी लागते.